ख्रिस्ती विश्वासाबद्दल बोलायचं धैर्य कसं मिळवावं?

तुम्ही लिहिलंय की परभणीत नोकरी करता, दर रविवारी मंडळीत म्हणजे चर्चला जाता, पण ऑफिसात कुणी विश्वासाचा विषय काढला की बोलणं दुसरीकडे वळवता आणि मग दिवसभर मन खात राहतं.

आधी एक सांगतो: भीती गेल्यावर बोलू, असं ठरवून बसू नका. करिंथला आलो तेव्हा मी दुर्बळ होतो, भ्यालेलो होतो, थरथरत होतो, हे प्रेषित पौलानेच लिहून ठेवलंय (१ करिंथ २:३). इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तो बेड्यांत आहे, तरी सुटकेसाठी नाही, धैर्याने बोलता यावं म्हणून इतरांकडे प्रार्थना मागतो. धमक्या मिळाल्यावर यरुशलेमच्या मंडळीनेही हेच मागितलं (प्रेषितांची कृत्ये ४:२९). तेव्हा तुमच्या मंडळीतल्या दोन विश्वासू माणसांना अडचण सांगा आणि ज्याच्याशी बोलायचंय त्या एकाच माणसाचं नाव घेऊन महिनाभर प्रार्थना करा. दहा नावांची यादी केली की एकाशीही बोलणं होत नाही.

माझ्या मते तुमच्या भीतीची मुळं दोन आहेत: ऐन वेळी काय बोलावं ते माहीत नसणं, आणि ‘हा धर्मांतर करायला निघाला’ असं कुणी म्हणेल ही धास्ती. पहिल्यावर उपाय तयारीचा. वहीचं एक पान घ्या, त्यावर आपली साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव, लिहा. मोठ्याने वाचून तीन मिनिटांत संपली पाहिजे. येशूवर विश्वास ठेवण्याआधी किंवा तो विश्वास आपला स्वतःचा होण्याआधी मन कसं होतं, काय घडलं, आणि आज रोजच्या जगण्यात काय फरक पडलाय, एवढंच. मधला भाग सगळ्यात नेमका हवा. कोणत्या प्रसंगी, येशूच्या कोणत्या वचनाने तुम्हाला धरलं ते सांगा. जन्मापासून ख्रिस्ती असाल तर नाट्यमय काही नसेल, तसं जोडूही नका. बाप वारला तेव्हा कशाने धीर दिला, भावाला माफ करणं कसं जमलं, हे पुरेसं आहे. येशूनेही बऱ्या झालेल्या माणसाला घरी जाऊन आपल्या लोकांना काय घडलं तेवढंच सांगायला सांगितलं (मार्क ५:१९).

पान घरच्या माणसासमोर वाचा. तो जिथे अडेल तिथे तुम्ही मंडळीतली भाषा वापरलेली असते. ते वाक्य चहाच्या टपरीवर बोलतो तसं करा. पहिलं वाक्य मात्र पाठ हवं, कारण घसा कोरडा पडतो तो तिथेच. सहकारी म्हणाला, “रविवारी सकाळी कुठं जायलात दर वेळी?” तर “चर्चला. तिथे जाऊन मला फार आधार मिळाला, कधी ऐकायचं असेल तर सांगेन,” एवढं बोलून थांबा. तो “सांगा की” म्हणाला तर बोला, नाही तर विषय संपला. ही परवानगी घेण्याची सवय लागली की निम्मी भीती उतरते, कारण आपण कुणावर काही लादत नाही हे आपल्यालाच पटलेलं असतं.

आता दुसरी धास्ती. संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा अधिकार आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपली तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. राज्यातला सध्याचा कायदा काय म्हणतो तेही पाळकांकडून (चर्चच्या धर्मगुरूंकडून) किंवा वकिलाकडून समजून घ्या. साक्ष देणाऱ्याने ही रेघ मनापासून पाळावी. आमिष, दबाव, लग्नाचं किंवा नोकरीचं वचन या गोष्टी सुवार्तेच्याच विरुद्ध आहेत.

बिघडतं कुठे? साहेबाने हाताखालच्या माणसाशी, शिक्षकाने विद्यार्थ्याशी स्वतःहून विषय काढला की समोरच्याला नाही म्हणता येत नाही. दुसऱ्याच्या लेकरांशी आईबापांना डावलून बोलू नका. पैशाची मदत आणि साक्ष एका भेटीत कधीच नको. दवाखान्यात प्रार्थना करायची तर विचारून, हळू आवाजात, आणि गोळ्या बंद करा असं चुकूनही म्हणू नका. जीव जाऊ शकतो. ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वचनं टाकणं म्हणजे धैर्य नव्हे, त्याने माणसं दुरावतात. आणि दुसऱ्याच्या देवाबद्दल वाईट बोलायचंच नाही. नामदेव, जनाबाई, एकनाथांच्या या भूमीत शेजाऱ्याची भक्ती खोल असते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी तुकोबांवरचं प्रेम सोडलं नाही आणि ख्रिस्ताची भजनं मराठी वळणातच लिहिली. बौद्ध मित्र बहुधा जातीबद्दल विचारेल. मंडळीतही जात शिरली आहे हे कबूल करा, सारवासारव करू नका.

काही प्रश्न ठरलेले असतात. “हा इंग्रजांचा धर्म ना?” तर जालन्याचं नाव घ्या. १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात तिथे काम उभारलं, जवळ बेथेल गाव वसवलं. “पैसे किती मिळतात?” याला रागावू नका, “काहीच नाही, उलट आम्हीच दान टाकतो,” म्हणा. “ख्रिस्ती झाल्यावर आरक्षणाची सवलत जाते का?” याला खरं उत्तर द्या: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे. हे लपवून ठेवलं तर पुढे त्या माणसाचं शिक्षण आणि नोकरी अडचणीत येते.

अनोळखी गावात पुस्तिका वाटायला सुरुवातीला जाऊ नका, एकटे तर नाहीच. कुठे जमाव जमला तर वाद आणि व्हिडिओ दोन्ही टाळा, शांतपणे निघा, गरज पडली तर ११२ ला फोन करा.

समोरचा नको म्हणाला तर दुसऱ्या दिवशी चहाला त्यालाच हाक मारा, विषय न काढता. त्याला आणखी जाणून घ्यायचं असेल तर मार्कचं शुभवर्तमान द्या. सोळाच अध्याय आहेत, दीड-दोन तासांत वाचून होतं. रोज एक अध्याय वाचून त्याने प्रश्न लिहून आणावेत. जे उत्तर येत नाही तिथे “विचारून सांगतो” म्हणा आणि खरंच विचारून या. बाप्तिस्म्याचा विषय तुम्ही काढू नका. त्याने काढला तर घरच्यांशी बोलायला सांगा, पाळकांची गाठ घालून द्या आणि त्याला लागेल तेवढा वेळ लागू द्या.