प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांना ऑनलाइन मानसिक आधार द्यायचाय, व्हिडिओ समुपदेशन ठेवावं का?

धुळे-जळगावकडच्या प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांसाठी आठवड्याला एक व्हिडिओ कॉल, मूड नोंदवायचं ॲप आणि गटचर्चा एवढं पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. आधी व्हिडिओ काढून टाका. आणि फोन घरात कोणाचा आहे, ते विचारा.

आमच्या अप्पांचा आजार सापडला तेव्हा हाडांत गेलेला होता. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले: दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, नाहीतर ऑपरेशन करून अंडकोष काढायचे. काम दोन्हींचं एकच, टेस्टोस्टेरॉन खाली आणणं. ऑपरेशन एकदाच होतं, खर्चही कमी. अप्पांनी तिथल्या तिथे ऑपरेशन निवडलं आणि पुन्हा त्यावर अवाक्षर काढलं नाही. पारावर बसणं मात्र बंद झालं. लग्नाचं आवतण आलं की आम्हाला पाठवायचे. एसटीत तर बसायलाच तयार नव्हते.

पुण्याचे आमचे दादा म्हणाले, समुपदेशन लावू. योग्यच होतं. पण लावलं कसं? रविवारी सकाळी मधल्या घरात, माझ्या बायकोचा मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवून, आणि दादा स्वतः पुण्याहून त्याच कॉलवर. समोर पंचविशीतली मुलगी. गुणी होती, आपुलकीने विचारत होती. काका, झोप लागते का? मन कशात रमतं का? अप्पा सदऱ्याची वरची गुंडी लावून ताठ बसलेले. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "बरं आहे ताई." आत सून चहा टाकतेय, दारात नातू उभा. त्या माणसाने तिथे काय सांगायचं होतं? लघवी कपड्यात होते म्हणून? रात्री अंगातून अशा वाफा निघतात की गोधडी फेकून द्यावीशी वाटते म्हणून? आईने ते ओळखलं होतं. पाळी जाताना तिने तेच सोसलेलं, त्यामुळे ती उशाशी ओला पंचा ठेवायची.

दादांनी निष्कर्ष काढला, "अप्पांना बोलायची गरजच नाही, स्वभावच तसा आहे." आजही तेच म्हणतात. हे साफ चूक आहे. कमरेच्या दुखण्यासाठी नाशिकला शेक (रेडिएशन) घ्यायला जायचो, तिथे साक्रीकडचे एक पाव्हणे भेटले. ऑपरेशन तेच झालेलं. दोघांनी नंबर घेतले. त्यानंतर रात्री जेवण झालं की अप्पा खळ्यात खाट टाकून आपल्या बटणाच्या फोनवर त्यांच्याशी तासतासभर अहिराणीत बोलायचे. एकदा पाणी द्यायला गेलो तेव्हा कानावर आलं, "माले बी तसंच व्हस, भाऊ." हा न बोलणारा माणूस!

पारोळ्याला माझं मेडिकल आहे. मोठ्यांचे डायपर नेणारे पुरुष दुकान रिकामं होईपर्यंत बाहेर थांबतात आणि पाकीट पेपरात गुंडाळून मागतात. तुमचे रुग्ण हेच आहेत. त्यांच्यासाठी साधा आवाजी कॉल ठेवा, वेळ त्यांनी सांगितलेली. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांत डॉक्टरांनाही व्हिडिओबरोबर ऑडिओची मुभा आहे. मेसेजमध्ये 'कॅन्सर' शब्द नको, फोन पोराच्या हातात असतो. तेच उपचार झालेला माणूस आधी जोडून द्या, समुपदेशक त्याच्या पाठीशी. धुळ्याकडे अहिराणी लागेल, रावेर-यावलला लेवा बोली, नंदुरबारच्या डोंगरात भिली आणि पावरी. पीएसए तपासणीची (प्रोस्टेटच्या आजारावर लक्ष ठेवायची रक्ततपासणी) तारीख विचारून ठेवा आणि त्याआधीच्या आठवड्यात फोन करा, कारण झोप तेव्हा उडते.

मूडच्या ॲपचं माझ्या मते काम नाही. पीएचक्यू-९ सारखी नैराश्य तपासायची प्रश्नावली वापरणार असाल तर थकवा, झोप, भूक हे प्रश्न जपून वाचा. हार्मोन बंद झालेल्या माणसाला थकवा येतोच, रात्रीच्या वाफांनी झोपही मोडते. नुसता आकडा बघून त्याला नैराश्य ठरवू नका. आणि उलट, हार्मोन तुटल्याने मनही खचतं, म्हणून "मन खंबीर ठेवा" हे वाक्य तुमच्या माणसांना बोलूच देऊ नका. त्यापेक्षा लघवी रोखून धरणाऱ्या, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवा, चालायला लावा. लघवी आटोक्यात आली की माणूस घराबाहेर पडतो.

जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. निदान झाल्यानंतरचे पहिले काही महिने जास्त धोक्याचे असतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आणि चोवीस तास. तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या.

हे सगळं अप्पांसारख्या, आजार पसरलेल्या, खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल झालं. आजार लवकर सापडून प्रोस्टेट काढलेल्या पन्नाशीतल्या माणसाचा प्रश्न नवरा-बायकोच्या संबंधांचा असतो, तिथे बायकोला घेऊनच बोलावं लागेल. जळगावातल्या एखाद्या निवृत्त प्राध्यापकाला व्हिडिओ आवडेलही. आणि दोन रुग्णांच्या गप्पांनी खरं नैराश्य बरं होत नाही, तिथे मानसोपचारतज्ज्ञ आणि गोळ्या लागतात. त्या समुपदेशक मुलीची गरज होतीच, पण खळ्यातल्या फोनवर.

पहिल्या कॉलला घरातलं कोणी "मीपण बसतो" म्हणालं, तर त्याला बाहेर पाठवायचं काम समुपदेशकाचं, रुग्णावर ते टाकू नका. पुण्याहून कॉलला जोडलेल्या मुलालासुद्धा बाहेर काढा.