फेरेटचा खोकला आणि छातीतले पाणी

प्रश्न : आमचा पाच वर्षांचा फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लहान पाळीव प्राणी) महिनाभर खोकतो आहे. आता त्याचे पोट फुगले असून मागचे पाय लटपटतात. सर्दी समजून दिलेल्या प्रतिजैविकाने उतार पडला नाही. अंगात पाणी झाले आहे, ते सुईने काढून तपासावे लागेल, असे आमचे डॉक्टर म्हणतात. एवढ्याशा जिवाला ते सोसेल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सोसेल, आणि आपल्या डॉक्टरांचा सल्ला योग्यच आहे. पाणी होणे ही आजाराची खूण आहे. ते कोठे साचले आणि कसले आहे, हे कळल्याखेरीज औषध ठरवता येत नाही.

मध्यमवयीन फेरेटमध्ये हृदयाचा स्नायू ताणला जाऊन दुबळा होण्याचा विकार बराच आढळतो. दम, पोटफुगी आणि मागच्या पायांतला अशक्तपणा ही त्याची लक्षणे असू शकतात. खोकला मात्र हृदयविकार असलेल्या कुत्र्याइतका फेरेटमध्ये दिसत नाही. पाय लटपटण्याचे कारण स्वादुपिंडाच्या गाठीमुळे रक्तातील साखर उतरणे हेही असू शकते, म्हणून ती तपासून घ्यावी व तपासणीसाठी त्याला तीन-चार तासांहून अधिक उपाशी ठेवू नये. फुगलेले पोट म्हणजे पाणीच, असेही नाही. या प्राण्याची प्लीहा (पोटातील पाणथरी) पुष्कळदा वाढलेली असते आणि सोनोग्राफीत तो फरक लगेच कळतो.

छातीच्या एक्स-रेमध्ये पाणी फुप्फुसांभोवती आहे की फुप्फुसांच्या आतच आहे, हे पाहतात. आतले पाणी सुईने निघत नाही, त्यासाठी लघवी वाढवणारे औषध द्यावे लागते. भोवतालचे पाणी मात्र काढता येते आणि काढताच श्वास मोकळा होतो. ते पुवासारखे गढूळ असल्यास जंतुसंसर्गाचा, दुधाळ असल्यास हृदयविकाराचा किंवा छातीतील गाठीचा विचार करावा लागतो, तर सूक्ष्मदर्शकाखाली लिम्फोमा या कर्करोगाच्या पेशीही सापडू शकतात. हृदयाची खरी अवस्था इकोनेच, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीनेच कळते.

कोकणात डासांना तोटा नाही, म्हणून त्यांच्यामार्फत पसरणारा हृदयकृमीही डॉक्टरांच्या ध्यानात आणून द्यावा. फेरेटचे हृदय इतके लहान असते की एक-दोन कृमीही जिवावर बेततात, आणि कृमी इतके थोडे असल्याने रक्तचाचणी कधीकधी निर्दोष येते. घरात कोणाला फ्लू झाला होता का, हेही सांगावे; माणसाचा फ्लू फेरेटला होतो, हे १९३३ मध्ये लंडनमधील संशोधकांनी दाखवून दिले आहे.

तोवर त्याच्या श्वासावर लक्ष ठेवावे. निरोगी फेरेट विश्रांतीत मिनिटाला साधारण ३३ ते ३६ वेळा श्वास घेतो. तोंड उघडून श्वास घेणे किंवा हिरड्या निळसर दिसणे ही तातडीची अवस्था आहे. तेव्हा प्रथम ऑक्सिजन द्यावा लागतो, कारण एक्स-रेसाठी दाबून धरण्याचा ताणही घातक ठरू शकतो. जवळपास इकोची सोय नसल्यास मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे आधी चौकशी करावी आणि प्रवास रात्रीचाच ठेवावा, कारण तीस अंश सेल्सिअसपलीकडचा दमट उकाडा निरोगी फेरेटलाही झेपत नाही.