वाचकांचे प्रश्न : शार्कुटरी बोर्ड मांडताना

मीठ लावून, मुरवून टिकवलेलं मांस, दोन-तीन प्रकारचं चीज आणि सोबतीला ब्रेड, फळं, आंबट लोणची असं सगळं एकाच फळीवर मांडलं की झाला शार्कुटरी बोर्ड. त्याविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. बरेच प्रश्न सजावटीचे होते. उत्तरं मात्र पुन्हापुन्हा वेळ आणि तापमानाकडे वळतात, कारण बोर्ड बिघडतो तो बहुतेक वेळा तिथेच.

प्रश्न : आठ पाहुणे येणार आहेत. जेवणाआधी बोर्ड ठेवायचा आहे. मांस आणि चीज किती आणावं?

पुढे जेवण असेल तर माणशी 50 ते 60 ग्रॅम मांस आणि तेवढंच चीज पुरतं. म्हणजे आठ जणांना दोन्ही मिळून साधारण 900 ग्रॅम. बोर्ड हेच जेवण असेल तर हे प्रमाण दुप्पट करा आणि ब्रेड सढळ हाताने ठेवा.

प्रकार मात्र वाढवू नका. तीन मांसं आणि तीन चीज आठ जणांना भरपूर झाली. सहा-सात प्रकार आणले की प्रत्येकाचा वाटा इतका लहान होतो की कशाचीच नीट चव कळत नाही. हिशोब चकत्यांवर करून पाहा. प्रोश्युत्तोचा (मिठात मुरवलेल्या डुकराच्या तंगडीचा) एक काप साधारण 12 ते 15 ग्रॅम भरतो, म्हणजे 150 ग्रॅममध्ये दहा-बारा काप. आठ जणांना एकेक मिळून दोन-चार उरतील. तीन मांसांपैकी तेच आधी संपतं, तेव्हा थोडं जास्त घेतलेलं बरं.

बाकीच्या गोष्टी माणशी अशा धरा : ब्रेडचे काप किंवा क्रॅकर सहा ते आठ, ऑलिव्ह चार-पाच, सुकामेवा 15 ते 20 ग्रॅम, फळं मूठभर. एवढ्या सामानाला 45 × 30 सेंटिमीटरचा बोर्ड बरोबर होतो.

प्रश्न : दुकानात इतके प्रकार असतात की निवडता येत नाही. काय घ्यायचं हे कसं ठरवावं?

नावांपेक्षा पोत बघा. मांसात एक अखंड तुकडा मुरवून पातळ कापलेलं घ्या, जसं प्रोश्युत्तो किंवा गोमांसाचं ब्रेसाओला. दुसरं सॉसेजच्या जातीचं, म्हणजे सलामी किंवा शोरिझो. तिसरं ब्रेडला लावता येईल असं मऊ, पाते किंवा रिलेत. चीजमध्येही तसंच : एक मऊ (ब्री, कामाँबेर), एक घट्ट (मांचेगो, मुरलेलं गौडा, चेडर) आणि एक तीव्र चवीचं, ब्लू किंवा बकरीच्या दुधाचं.

लोक चुकतात ते सोबतीच्या पदार्थांत. मांस खारट, चीज खारट, ऑलिव्ह खारट, त्यात खारे बदाम आणि मिठाचे क्रॅकरही ठेवले तर चार घासांत जीभ थकते. मांस आणि चीज आपलं मीठ घेऊनच येतात. म्हणून क्रॅकर साधे आणि सुकामेवा बिनमिठाचा निवडा. मग एक झणझणीत आंबट गोष्ट हवी (व्हिनेगरमधल्या छोट्या काकड्या, मुरवलेला कांदा), एक गोड हवी (मध, अंजिराचा जॅम, मांचेगोसोबत क्विन्स या फळाची वडी), आणि एक पाणीदार ताजी (नासपती, द्राक्षं). आंबटपणा मांसाची चरबी कापतो आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. ब्लू चीज ज्यांना उग्र वाटतं त्यांना ते मधाचा थेंब आणि नासपतीच्या फोडीसोबत एकदा द्या.

प्रश्न : प्रोश्युत्तोचे काप एकमेकांना चिकटतात, काढताना फाटतात आणि बोर्डावर नुसता गोळा दिसतो. काय चुकतं?

पॅकेट उघडायची वेळ चुकते. या मांसाची चरबी फार मऊ असते आणि खोलीच्या उष्णतेला लगेच सैल पडते. मग काप एकमेकांत रुततात. पॅकेट फ्रिजमधून काढल्या काढल्या उघडा आणि काप थंड असतानाच सुटे करा. चरबीची पांढरी पट्टी असलेल्या कडेपासून सुरुवात करा. ती बाजू चिवट असते. लाल मांसाच्या बाजूने ओढलं की फाटतं. दोन कापांमध्ये कागद असेल तर तो मांसासकट उचला, उलटा धरा आणि कागद सोलून काढा.

काप सुटा झाला की तो सपाट पसरू नका. पट्टीचं टोक दोन बोटांत धरून उचला, स्वतःच्या वजनाने त्याला चुण्या पडू द्या आणि तसाच खाली सोडा. मधे हवा राहते, पुढचा पाहुणा एकच काप सहज उचलू शकतो. चरबी कापून टाकू नका. गोडवा आणि वास तिच्यातच असतो.

सलामीची फुलं करायची असतील तर चकत्या अगदी पातळ हव्यात, जाड चकती घडीवर मोडते. अरुंद तोंडाचा छोटा ग्लास घ्या. चकत्या अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर अशा काठावर लावा, प्रत्येक चकती आधीचीच्या निम्म्यावर यायला हवी. असे दोन-तीन थर झाले की ग्लास बोर्डावर उलटा करून अलगद उचला. एका बोर्डावर एखाद-दुसरं फूल पुरे. बाकीची सलामी चार पदरी घडी घालून ओळीने लावली तर खाणाऱ्याला घेणं सोपं जातं. सलामी अखंड आणली असेल तर आधी वरचं आवरण सोला आणि मग तिरकी, 2 ते 3 मिलिमीटर जाडीची कापा.

प्रश्न : सलामीवर पांढरी भुकटी आहे आणि प्रोश्युत्तोत पांढरे कण दिसतात. फेकून द्यावं का?

नाही. सलामीवरची भुकटी म्हणजे मुद्दाम वाढवलेली बुरशी, बहुधा पेनिसिलियम नाल्जिओव्हेन्स. ती नको त्या बुरशीला जागा देत नाही आणि सलामी बाहेरून एकदम कडक न होता हळूहळू, सारखी वाळते. प्रोश्युत्तोतले कण टायरोसिनचे असतात. मांस महिनोन्महिने मुरताना प्रथिनं फुटतात आणि त्यातलं हे अमिनो आम्ल स्फटिक बनून साठतं. ती चांगल्या मुरण्याची खूण आहे. हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी, चिकट पृष्ठभाग आणि आंबूस-कुजका वास मात्र दिसला-जाणवला तर विचार न करता टाकून द्या.

प्रश्न : हे मांस शिजवलेलं नसतं ना? पाहुणे विचारतात तेव्हा काय सांगायचं?

प्रोश्युत्तो, सलामी आणि ब्रेसाओला शिजवलेली नसतात. मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं, वाळवल्याने ते आणखी घटतं आणि जिवाणूंना वाढायला लागणारं मोकळं पाणी उरत नाही. सलामीत याशिवाय लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू काम करतात, म्हणून तिला किंचित आंबट झाक असते. पार्माच्या प्रोश्युत्तोत तर डुकराची मागची तंगडी आणि मीठ यांखेरीज काही घालत नाहीत, आणि ते वर्षभराहून जास्त मुरतं. पाते, रिलेत आणि उकडलेलं हॅम यांची गोष्ट वेगळी. ती शिजवलेली असतात, पण त्यांत ओलावा भरपूर असतो. म्हणून ती आधी बिघडतात.

प्रश्न : महागाचं चीज आणूनही चव मिळमिळीत लागते. कधी उलट होतं, चेडरवर तेलाचे थेंब येतात.

पहिली तक्रार थंडीची, दुसरी उष्णतेची. फ्रिजमध्ये चीजमधलं स्निग्ध घट्ट गोठलेलं असतं. वास त्यातच अडकून राहतो, आणि वास नसेल तर जिभेला मिठाशिवाय फारसं काही कळत नाही. घट्ट चीज खायच्या आधी 45 मिनिटं ते तासभर बाहेर काढा. ब्रीसारखं मऊ चीज अर्धा-पाऊण तास, बकरीचं ताजं चीज 15 ते 20 मिनिटं. या वेळात ते झाकून ठेवा, नाहीतर कापलेल्या कडा वाळून पिवळ्या पडतात. मांसाला 15-20 मिनिटं पुरतात. सुटे करून, घड्या घालून थंडच मांडायचं आणि पाहुणे बसेपर्यंत त्याची चरबी चकाकू लागते. खायची योग्य वेळ तीच.

खोली गरम असेल तर या सगळ्या वेळा निम्म्यावर आणा. चेडरवर थेंब दिसले म्हणजे स्निग्ध वितळून बाहेर येऊ लागलं. पुन्हा थंड केलं तरी पोत पूर्ववत होत नाही. बोर्डाची जागाही बघा. दिव्याखाली, खिडकीच्या उन्हात किंवा शेगडीजवळच्या ओट्यावर तो नको.

कापण्याचाही चवीशी संबंध आहे. ब्रीची चकती केकसारखी मध्यापासून कडेपर्यंत कापा. प्रत्येकाला मऊ गर आणि साल दोन्ही मिळायला हवं. मांचेगोची साल काढून पातळ त्रिकोण करा. पार्मेजानला सुरीचं टोक खुपसून पिळा, ते आपल्या रेघांवर फुटतं आणि खडबडीत तुकड्यांत चव जास्त खुलते. निदान अर्धं चीज आधीच कापून ठेवावं. अख्ख्या तुकड्याला पहिली सुरी लावायला पाहुणे संकोचतात. प्रत्येक चीजला स्वतःची सुरी द्या आणि ब्लू चीज बोर्डाच्या टोकाला ठेवा, त्याचा वास ब्रीला लगेच लागतो.

प्रश्न : क्रॅकर सादळतात आणि सफरचंद काळं पडतं.

क्रॅकर अगदी शेवटी, पाहुणे दारात असताना ठेवा. फळाच्या फोडी किंवा मऊ चीज यांना ते टेकता कामा नयेत. ओलावा सरळ त्यांच्यात जातो. थोडेच बोर्डावर मांडा, बाकीचे घट्ट झाकणाच्या डब्यात राहू द्या. ऑलिव्ह आणि लोणची नीट निथळून वाटीतच ठेवायची, नाहीतर त्यांचं पाणी बोर्डभर फिरतं. द्राक्षं, बेरी धुतल्यावर पुसून कोरडी करा.

सफरचंद आणि नासपतीच्या फोडी एक कप पाण्यात एक टेबलस्पून लिंबाचा रस घालून चार-पाच मिनिटं बुडवा आणि टिपून घ्या. आम्लामुळे फोडी काळ्या करणारं एन्झाइम मंदावतं. लिंबाची चव नको असेल तर एक कप पाण्यात अर्धा टीस्पून मीठ घालून दहा मिनिटं ठेवा आणि साध्या पाण्याने धुवा.

प्रश्न : पाहुण्यांत एक जण डुकराचं मांस खात नाही, एक शाकाहारी आहे आणि एक गरोदर आहे. एकच बोर्ड चालेल का?

नाही, वेगळे करा. एकाच फळीवर कडेला जागा राखून भागत नाही. सुऱ्या आणि बोटं सगळीकडे फिरतात.

डुकराचं मांस न खाणाऱ्यांसाठी गोमांसाचं ब्रेसाओला किंवा मुरवलेलं बदक असतं. इतर मांसाच्या सलामीचं आवरण कधी डुकराच्या आतड्याचं असतं, कधी आत डुकराची चरबी मिसळलेली असते. म्हणून लेबल शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. शिवाय जो गोमांसही खात नाही त्याच्यासाठी ब्रेसाओला हा पर्याय नाही, हे आधीच विचारून घ्या.

शाकाहारी पाहुण्यासाठी चीजकडेही बघावं लागतं. पार्मिजानो रेज्जानो, म्हणजे अस्सल पार्मेजान, नियमानुसार वासराच्या जठरातल्या रेनेटनेच (दूध साकळवणाऱ्या एन्झाइमनेच) बनतं. लेबलवर सूक्ष्मजीवजन्य किंवा वनस्पतिजन्य रेनेट लिहिलेलं चीज निवडा.

गरोदर पाहुणीच्या बाबतीत ढिलाई नको. ब्री आणि कामाँबेर, मऊ ब्लू चीज, कच्च्या दुधाची मऊ चीज आणि पाते यांत लिस्टेरिया या जिवाणूचा धोका असतो. न शिजवलेल्या मुरवलेल्या मांसातून टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो. त्यांना पाश्चरीकृत दुधाचं घट्ट चीज, धुतलेली फळं, ब्रेड आणि सुकामेवा स्वतंत्र ताटलीत द्या.

लहान मुलं असतील तर द्राक्षं उभी चिरून चार भाग करा, पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाताशी अख्खा सुकामेवा ठेवू नका आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नका.

प्रश्न : सकाळीच मांडून ठेवला तर चालेल?

घट्ट चीज कापून मेणकागदात गुंडाळता येतं, वाट्या भरून ठेवता येतात. मांडणी मात्र शेवटच्या अर्ध्या तासात करावी : आधी वाट्या, मग चीज, त्यांच्या मधून मांसाच्या ओळी, उरलेल्या फटींत फळं आणि सुकामेवा, सर्वांत शेवटी क्रॅकर. पूर्ण मांडलेला बोर्ड फ्रिजमध्ये ठेवला तर मांस कडेने वाळतं, क्रॅकर सादळतात आणि ब्लू चीजचा वास सगळ्याला लागतो.

प्रश्न : उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरता येतं का? आणि लाकडी बोर्ड कसा धुवावा?

बाहेर काढल्यापासून दोन तास ही मर्यादा धरा. खोलीचं तापमान 32 अंश सेल्सिअसच्या वर असेल तर एकच तास. चीज आधी निघतं, म्हणून घड्याळ चीजपासून लावायचं. पाते, उकडलेलं हॅम, ताजं चीज आणि कापलेली फळं यांना ही मर्यादा काटेकोरपणे पाळा. घट्ट मुरलेलं चीज आणि कोरडी सलामी तुलनेने सोशिक असतात, पण इतरांचे हात लागलेला माल परत पॅकेटात घालू नका. त्यापेक्षा सुरुवातीला निम्माच माल मांडा, निम्मा 4 अंशांच्या फ्रिजमध्ये राहू द्या आणि तासाभराने लागेल तसा भरा. मग जे उरतं ते न उघडलेलं आणि थंड असतं. चीज मेणकागदात गुंडाळून डब्यात ठेवा. प्लास्टिकमध्ये घट्ट आवळलं की ते घामेजतं.

लाकडी बोर्ड पाण्यात भिजत टाकू नका आणि डिशवॉशरमध्ये घालू नका. कोमट पाणी आणि साबणाने दोन्ही बाजू धुवा, लगेच पुसा आणि उभा करून वाळवा. एकाच बाजूने ओला राहिला की तो वाकतो. लाकूड फिकट आणि कोरडं दिसू लागलं की खाद्य प्रतीचं मिनरल ऑइल लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी जादा तेल पुसून घ्या. स्वयंपाकाचं तेल लावलं तर ते लाकडात खवट होतं, आणि तो वास पुढच्या वेळी ब्रीला लागतो.