गळती थांबत नाही, ठेव मोडू का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. यजमानांची अन्ननलिका कर्करोगामुळे काढली, जठर वर ओढून छातीत जोड दिला आणि अकराव्या दिवशी तो जोड गळू लागला. गळती झाकायला आतून बसवलेला एक स्टेंट (जाळीची नळी) सरकला, दुसरा घातला, तरी ड्रेनमधून, म्हणजे छातीत बसवलेल्या निचऱ्याच्या नळीतून, पू येतोच आहे. आता सर्जन पाठीचा स्नायू आत फिरवून भोक बुजवू म्हणतात. विम्याची रक्कम संपत आली आहे. दीर म्हणतात, अजून एक स्टेंट घालून पाहू, खर्च कमी. आणि तुमचा प्रश्न: निवृत्तीसाठीची मुदत ठेव मोडू, की दुसरं घर विकू?

आधी त्या ‘खर्च कमी’कडे बघू. स्टेंट स्वस्त, ऑपरेशन महाग, हा हिशेब एका बिलापुरता खरा. पण तुमचं घर पोखरतंय ते आयसीयूचं रोजचं बिल. समजा, स्नायूच्या ऑपरेशनचा जादा खर्च आयसीयूच्या आठ दिवसांइतका आहे. मग थांबण्यात नववा दिवस उजाडला की स्वस्त पर्याय महाग झाला. माझ्या एका अशिलाच्या मुलीने वहीत डाव्या पानावर ड्रेनचे मिलीलिटर आणि उजव्या पानावर त्या दिवसाचं बिल लिहायला सुरुवात केली होती. पाच दिवस डावीकडचा आकडा हलला नाही, तेव्हा घरातला वाद आपोआप मिटला. तुम्हीही वही घाला.

म्हणजे थांबणं नेहमीच चूक, असं मात्र नाही. गळती लहान असेल, पू ड्रेनमधून नीट निघत असेल, ताप उतरला असेल, तर कित्येक जोड अँटिबायोटिक आणि नळीतून आहार यांवर भरून येतात. तो निर्णय डॉक्टरांचा. पैशाने ठरवायचा नाही. छातीतला पू कोणाच्या ठेवीची मुदत बघत नाही.

सर्जनना मात्र दोन गोष्टी विचारा, कारण पुढचं सगळं गणित त्यांवर आहे. पहिली: वर ओढलेल्या जठराचं टोक जिवंत आहे का? पाठीचा स्नायू त्याची रक्तवाहिनी न तोडता आत वळवतात. तो पोकळी भरतो आणि आजारी जागी ताजं रक्त नेतो, हे त्याचं काम. पण टोकच मेलं असेल तर नुसता स्नायू पुरत नाही. मग जोड सोडवून लाळेची वाट मानेतून बाहेर काढावी लागते आणि काही महिन्यांनी, बहुधा मोठ्या आतड्याचा तुकडा वापरून, नवी नळी करतात. म्हणजे एक नाही, दोन मोठी ऑपरेशनं. दुसरी: पहिल्या वेळी छाती उघडताना तो स्नायू कापला गेला का? तसं असेल तर बरगड्यांमधला किंवा दुसरा स्नायू घ्यावा लागेल.

आता पैसे. घर विकू नका. घाईत विकणाऱ्याची गरज गिऱ्हाइकाला लगेच कळते, आणि पैसेही वेळेत येत नाहीत. ठेव मोडण्याआधी बँकेत ठेवीवर ओव्हरड्राफ्ट मागा, म्हणजे ठेव तारण ठेवून एका मर्यादेपर्यंत लागतील तसे पैसे उचलायची सोय: जेवढे उचलाल तेवढ्यावरच व्याज, आणि ठेव शाबूत. सगळी मर्यादा मात्र ऑपरेशनवर उडवू नका. निदान एक तृतीयांश घरी परतल्यानंतरसाठी ठेवा. आतड्यातल्या नळीचा आहार, ड्रेसिंग, तपासण्या, आणि जोड आकसला तर तो पुन्हा पुन्हा रुंद करायच्या फेऱ्या. या खर्चाचा विचार त्या वेळी कोणालाच सुचत नाही. यजमानांची मिळकतही काही महिने बंद धरा.

विम्याची उरलेली रक्कम आधी वापरा, पण एक खोच सांभाळा. फ्लॅप, म्हणजे तो वळवलेला स्नायू, बसवायला प्लास्टिक सर्जन आले की बिलावर ‘प्लास्टिक सर्जरी’ असं उमटतं आणि तेवढ्यावरून दावा अडू शकतो, कारण सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया बहुतेक पॉलिसींतून वगळलेल्या असतात. सर्जनकडून आधीच लिहून घ्या की ही जोडाची गळती बंद करण्यासाठीची, जीव वाचवणारी शस्त्रक्रिया आहे.

आणि ठेवीची पावती आजच काढून बघा. यजमानांचं नाव पहिलं असेल आणि दोघांच्या सह्या लागत असतील, तर ऑपरेशनच्या आधी, ते शुद्धीवर असताना, सही घ्या. हात कापत असेल तर अंगठा कसा चालेल, ते शाखेत आत्ताच विचारा. नंतर ते व्हेंटिलेटरवर असतील, आणि बँक वाट बघायला लावेल.