सोन्याची चेन घातली तरी मानेवर पुरळ येतं. सोन्याची ॲलर्जी खरंच असते का?

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. पण तू प्रश्नाच्या शेवटी लिहिलंयस ना, 'घरचे म्हणतात सोन्याची ॲलर्जी कधी कुणी ऐकलीये का, नाटकं आहेत नुसती', त्या ओळीवर अडकले. खोटे दागिने सोडाच, आईची सोन्याची चेन घातली तरी दोन दिवसांनी तुझी मान लाल होते, तुझं लग्न दोन महिन्यांवर आलंय, भाड्यानं दागिने आणायचेत, साखरपुड्याची अंगठी ठरायचीय. वयानं मोठी आहे म्हणून 'तू' म्हणते, रागावू नकोस.

मी सोनाराची मुलगी. बाबा कोल्हापुरात गुजरीतल्या एका दुकानासाठी घडवायचं काम करायचे. दुकान त्यांचं नव्हतं, हात त्यांचा होता. आमच्या पुढच्या खोलीत शेगडी, फुंकणी, पाट, आणि खोली झाडलेला केरसुद्धा, त्यातले सोन्याचे कण काढणाऱ्या झारेकऱ्याला विकायचा म्हणून वेगळा ठेवलेला. अशा घरातल्या मुलीच्या गळ्यात दागिना टिकत नाही, हे आमच्याकडे आजाराचं लक्षण मानलं नाही कुणी. घराण्याला लागलेला बोल मानला.

बाराव्या दिवशी माझे कान बाबांनीच टोचले, सोन्याच्या तारेनं. त्या दोन भोकांनी मला कधी त्रास दिला नाही. 1998 साली कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर एका पार्लरमध्ये जाऊन वरचं दुसरं भोक पाडून घेतलं, बंदुकीनं, चमचमत्या खड्याचं खोटं कानातलं घालून. दीड महिना ते चिघळत होतं. मी केसांनी झाकून फिरायचे, कारण बाबांनी नको म्हटलेलं. आता कळतं की गोंधळ तिथेच झाला. त्या खोट्या कानातल्यातलं निकेल, म्हणजे स्वस्त दागिन्यांत असतो तो धातू, ओल्या जखमेत उतरलं आणि अंगाची त्याच्याशी ओळख झाली. ही ओळख एकदा झाली की शरीर ती जन्मभर विसरत नाही. म्हणून 'पूर्वी तर काही व्हायचं नाही' या वाक्याला अर्थ नसतो. पूर्वी ओळख नव्हती.

2003 च्या डिसेंबरात लग्न होऊन डोंबिवलीला आले. मंगळसूत्र बाबांनी घडवलेलं. दोन वाट्या, काळे मणी सोन्याच्या तारेत गुंफलेले, मागे स्प्रिंगचा गोल हूक. पहिला उन्हाळा आला, सकाळची 8:12 ची लोकल, घाम, आणि छातीच्या मध्यावर चार आण्याएवढा लाल चट्टा उठला. मग मानेमागे दुसरा. खाजवलं की पाणी सुटायचं, सुकलं की खवले. सासूबाई म्हणाल्या साबण बदल. साबण बदलला. डाळीचं पीठ लावलं. शेवटी त्याच म्हणाल्या, काढून ठेव घरात असताना, देव काही रागवत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टींत सासवांना उगाच खलनायिका करतात. माझं भांडण सासूबाईंशी नव्हतंच.

भांडण बाबांशी झालं. फोनवर मी एवढंच म्हटलं की मंगळसूत्रानं पुरळ येतंय. ते म्हणाले, "सोनं चावत नाही, पोरी." मी म्हटलं, मला चावतंय. त्यांना ऐकू काय गेलं? बाबांनी सोन्यात भेसळ केली, असं. जन्मभर दुसऱ्याच्या सोन्यातली एक गुंज इकडची तिकडे न केलेल्या माणसाला पोटच्या मुलीनं असं म्हणावं! दोन वर्षं आमचं बोलणं 'आईला दे' एवढ्यावर आलं.

एप्रिल 2006 मध्ये एका सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात पॅच टेस्ट केली, कशाची ॲलर्जी आहे ते शोधायची चाचणी. तू करणार असशील तर उन्हाळ्यात करू नकोस, हा माझा पहिला सल्ला. पाठीवर ॲल्युमिनियमच्या बारीक वाट्यांमध्ये एकेक पदार्थ भरून पट्टीनं चिकटवतात, बाजूला पेननं आकडे लिहितात, आणि 48 तास पाठ भिजवायची नाही. डोंबिवलीत. एप्रिलमध्ये. लोकलच्या गर्दीत पाठ कुणाला लागू नये म्हणून मी दोन दिवस दाराशी तोंड बाहेर करून उभी होते, जे मी एरवी कुणालाही करू देणार नाही. पट्ट्या काढल्यावर बाकीचे आकडे गप्प, निकेलच्या जागी मात्र फोडांचा गोल. दोन दिवसांनी पुन्हा बोलावून पाहिलं, तो आणखी लाल.

मी तिथूनच एसटीडी बूथ गाठला आणि बाबांना सांगितलं, "निकेल निघालं. तुमच्या सोन्यात निकेल आहे." त्यांनी फोन ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते दारात. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं कल्याणला उतरून आलेले, पिशवीत कसोटीचा दगड, ॲसिडची बाटली गमछात गुंडाळलेली आणि भिंग. चहा नको म्हणाले. मंगळसूत्र मागितलं. खिडकीपाशी बसून त्यांनी ते उचललं, आणि त्याला लटकलेल्या दोन सेफ्टी पिना काढून डाव्या हाताला ठेवल्या. ते बघतही नव्हते त्यांच्याकडे, सवयीनं काढल्या. मग वाटी दगडावर घासली, रेघ पाहिली, ॲसिड सोडलं, रेघ जशीच्या तशी. मण्यांची तार घासली. तीही. मग मान वर करून म्हणाले, "बावीस हाय. बघ डोळ्यानं." आणि मग त्यांची नजर त्या पिनांवर गेली.

त्या पिना माझ्या मंगळसूत्राला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून होत्या. सगळ्याच बायका लटकवतात, साडीला, ओढणीला हाताशी असाव्यात म्हणून. त्या वाट्यांच्या बरोबर वर, छातीच्या मध्यावर टेकायच्या. चट्टा होता तिथेच. बाबांनी एक पीन भिंगाखाली धरली. टोकाकडचा मुलामा उडून आतला पिवळा धातू दिसत होता. "निकेल पॉलिश," म्हणाले, आणि पीन ओट्यावर टाकली. मला रडू आलं, पण मी चहा टाकायला उठले.

पिना पर्समध्ये गेल्या आणि तीन आठवड्यांत छातीवरचा चट्टा गेला.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सोन्याची ॲलर्जी असते, पण निकेलच्या मानानं फारच थोड्यांना. बहुतेक वेळा गुन्हेगार सोन्याच्या आसपासचा कुणीतरी असतो. हूक, फिरकी, जोडाला दिलेला डाग म्हणजे टाका, पीन, किंवा कमी कसाच्या सोन्यात मिसळलेला धातू. 22 कॅरेट म्हणजे 916, हजारात 916 भाग सोनं. उरलेल्या 84 भागांत सहसा तांबं आणि चांदी असते. पण हॉलमार्क तुला सोनं किती ते सांगतो, बाकीचं काय ते नाही सांगत. 2023 च्या एप्रिलपासून दागिन्यावर एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा सहा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, असल्याशिवाय दुकानदाराला सहसा विकता येत नाही, तो क्रमांक ॲपवर टाकून बघता येतो. त्यातही निकेलचं नाव शोधू नकोस, मिळणार नाही. युरोपात अंगाला सतत लागणाऱ्या वस्तूंमधून किती निकेल सुटावं याला मर्यादा आहे, आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरला अर्धा मायक्रोग्रॅम. एवढीशी मर्यादा का, तर घामात निकेल विरघळतं आणि ज्याला ओळख झालीये त्याला तेवढं पुरतं.

दुसरं, दोन दिवसांनी येतं म्हणून तुझे घरचे विश्वास ठेवत नाहीत, तेच तर याचं लक्षण आहे. हे लगेच उठत नाही, एक-दोन दिवस घेतं. रविवारी लग्नात सगळं छान, मंगळवारी सत्यनारायणाच्या पूजेला मान सुजलेली, आणि दोष पंगतीतल्या वांग्याला. तुझ्या बेंबीखाली, जीन्सचं बटण टेकतं तिथे, काळपट खरखरीत डाग आहे का बघ. असेल तर घरच्यांना तो दाखव, वाद संपेल.

पण माझा वाद संपला नव्हता. छातीचं गेलं, मानेमागचं राहिलं. बाबांनी त्या दिवशी वाटी घासली, तार घासली. हूक घासला नव्हता. मी पाहिलं होतं, पण पिनांनी माझं तोंड बंद झालेलं. फोनवर सांगितलं की मानेमागे अजून खाजतं, तर म्हणाले, "घाम." त्या वर्षीच्या दिवाळीत फराळाच्या डब्यात, चकल्यांच्या खाली, कागदाच्या पुडीत एक नवा हूक आला. स्प्रिंग नसलेला, हातानं तार वळवून केलेला साधा आकडा. सोबत आईच्या अक्षरात चिठ्ठी, 'बाबा म्हणतात जुना सैल झाला असेल, बदलून घे.' बदलला. मान दिवाळीनंतर महिन्याभरात स्वच्छ.

जुना हूक मी करंड्यात जपून ठेवला. 2019 साली निकेल ओळखायचे थेंब ऑनलाइन मागवले. डायमिथाइलग्लायॉक्झिम असं लांबलचक नाव आहे, अमोनियाबरोबर वापरतात. कानकोरण्याच्या कापसावर थेंब टाकायचा, धातूवर अर्धा मिनिट घासायचं, कापूस गुलाबी झाला की निकेल. आधी पिनेवर घासलं, जास्वंदीसारखा रंग. वाटीवर घासलं, कापूस पांढराच. मग जुन्या हुकावर. फिकट, पण गुलाबी. तिन्ही कापसांचा फोटो बाबांना पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. संध्याकाळी आईच्या फोनवरून बोलले, "अमोनिया लावलास तर काय बी गुलाबी हुईल." मग वाटीवर का नाही झालं, विचारलं तर फोन आईकडे. तयार हूक डझनानं बाजारातून यायचे, हे आईनं मला केव्हाच सांगितलंय. सगळेच कारागीर घ्यायचे, कमीपणा काहीच नाही त्यात. फक्त 'हुकात होतं' एवढं म्हणा. तो फोटो परत दाखवला तर म्हणतात मोतीबिंदू झालाय, दिसत नाही. क्रिकेटचा स्कोअर दिसतो.

असो. तुझं लग्न.

मंगळसूत्र दोऱ्यात गाठवून घे. काचेचे काळे मणी आणि दोरा, त्यात निकेल कुठून येणार? वाट्या 22 कॅरेटच्या घे आणि सोनाराला सांग, हूक त्याच सोन्याचा, स्प्रिंग नको. तो म्हणेल स्प्रिंगचा मजबूत असतो. ती स्प्रिंग सोन्याची नसते, असं सांग. आईच्या चेनचाही हूक आधी बघ, मला तर त्याचाच संशय आहे.

भाड्याच्या ठुशी, तन्मणी, बाजूबंद यांच्यावर थेंब घासून बघ. पितळेवर निकेलचा थर आणि वर सोन्याचा नुसता रंग, अशीच बरीचशी खोटी घडण असते. 'निकेल फ्री' लिहिलेल्या पुठ्ठ्यावर भरवसा ठेवू नकोस. ऑक्सिडाइज्ड म्हणून मिळतात त्यातले बरेच जर्मन सिल्व्हरचे, त्यात चांदी औषधालाही नसते, तांबं, जस्त आणि निकेल. पारदर्शक नेलपॉलिशचा उपाय सगळे सांगतील. एका दिवसापुरता चालतो, घाम आला की निघतो. ठुशी ब्लाउजच्या काठावर बसेल अशी बांध, फोटो झाले की उतरव. कानात मात्र खोटं नकोच. नथ चापाची असेल तर तो चापही तपास.

मी डॉक्टर नाही, हे आधी लिहायला हवं होतं. मानेवरचं प्रत्येक पुरळ निकेलचं नसतं. केसांचा रंग, सेंट, नायटा, काहीही असू शकतं. मेडिकलमधून तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब परस्पर आणून लावू नकोस. नायटा असला तर त्यातल्या स्टेरॉइडनं पसरतो, आणि काहींत निओमायसिन असतं, त्याचीच कित्येकांना ॲलर्जी असते. पॅच टेस्ट करायची तर आत्ताच कर, लग्नाच्या आठवड्यात पाठीवर फोड उठवून घेऊ नकोस. काजू, चॉकलेटमध्येही निकेल असतं, ते बंद करा असं कुणी सांगितलं तर माझ्या डॉक्टरांनी मला तसं काही सांगितलं नव्हतं, हातावर पाण्याचे फोड येत असतील तर विचार.

अंगठीचं राहिलं. व्हाईट गोल्ड पांढरं करायला काही ठिकाणी निकेल वापरतात, वरचा ऱ्होडियमचा मुलामा झिजला की ते बोटाला लागतं. दोघांच्या आवडीचं काय ते तुमचं तुम्ही बघा, पण पांढरी हवीच असेल तर प्लॅटिनम, नाहीतर सरळ पिवळी 22 ची घे. आणि थेंबांची बाटली घेशील तेव्हा आईच्या चेनचा हूक गुलाबी निघाला की नाही ते इथे लिही. मला बाबांना दाखवायचंय.