दसऱ्याचा झेंडू आणि कोवळी रोपं

प्रश्न (ठाणे): दसऱ्याला घरचा झेंडू हवा म्हणून जुलैअखेर ट्रेमध्ये बी पेरलं. पाचव्या दिवशी छान उगवलं, पण आठवडाभरात रोपं आडवी पडली. कुठलं कीटकनाशक मारू?

उत्तर: कुठलंच नको. हे किडीचं काम नाही, बुरशीचं आहे. पडलेलं रोप उचलून पाहा: खोड मातीलगत दोऱ्यासारखं बारीक, तपकिरी आणि पाणचट झालेलं, वरची पानं मात्र अजून हिरवी. हा मर रोग. दाट पेरणी, चिंब माती आणि कोंदट हवा ही त्याची कारणं. पावसाळ्यात ग्रिल लावलेल्या बाल्कनीत शेवटची दोन आयतीच मिळतात. पडलेली रोपं वाचत नाहीत. आजूबाजूच्या मातीसकट काढून टाका, पाणी तोडा, ट्रे वाऱ्यावर ठेवा.

झेंडूला पेरणीपासून फुलायला साधारण दोन महिने लागतात. दिवस मोजून हाताशी तेवढे असतील तरच पुन्हा पेरा, नाहीतर सरळ रोपवाटिकेतून रोपं आणा. पेरताना कुंडीतली जुनी माती वापरू नका. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळलेलं गांडूळखत आणि किलोभर मिश्रणाला 5 ते 10 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणाऱ्या मित्रबुरशीची पूड). मूठ आवळली की गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी ठिबकता कामा नये. बी 2 सेंमी अंतरावर आडवं ठेवून वर जेमतेम अर्धा सेंमी मिश्रण भुरभुरा. झारीने वरून पाणी घालू नका. ट्रे 15 मिनिटं पाण्याच्या ताटलीत ठेवा आणि उरलेलं पाणी ओतून द्या.

प्रश्न (रत्नागिरी): कुंडीतली झिनियाची रोपं एका रात्रीत नाहीशी होतात. कोण खातं?

उत्तर: रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन बघा. चकाकणारा चिकट माग दिसला तर गोगलगाय. खोड जमिनीलगत कापून रोप तिथेच टाकलेलं असेल तर रोपं कुरतडणारी अळी; दिवसा ती त्याच रोपाच्या बुडाशी दोन-तीन सेंमी खोल वेटोळं करून बसते. बोटाने उकरलं की सापडते. पुढच्या रोपांना तळ कापलेला कागदी पेला घाला, 2 सेंमी मातीत रोवून.

गोगलगायींसाठी संध्याकाळी कुंड्यांशेजारी ओलं गोणपाट पसरा. सकाळी ते उलटून खालच्या गोगलगायी वेचा आणि मिठाच्या पाण्यात बुडवा. कुंडीत मीठ टाकू नका, रोपंच जळतील.

प्रश्न (नाशिक): या सगळ्यावर नीमतेल चालेल?

उत्तर: गोगलगायीवर नाही. माव्यावर (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) चालतं: लिटरभर कोमट पाण्यात 5 मिली, सोबत द्रवसाबणाचे थेंब. कोवळ्या रोपांना 2 मिलीच, तेही ऊन उतरल्यावर. दुपारी मारलं की पानं करपतात.