बिडकीनला 24 खोल्या? आधी कामगार मोजा

राम राम दादा. बिडकीनला डीएमआयसीच्या (दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याच्या) हद्दीलगत 10 गुंठे आहेत, कारखाने येतायत, तर कर्ज काढून भाड्याच्या 24 खोल्या बांधू का, असं तुम्ही विचारलंय. बांधा, पण आज खोली विचारत दारात येणाऱ्यांच्या भरवशावर नको. ही माणसं कारखाना बांधायला आलीत, चालवायला नव्हे.

आमच्या परळीत औष्णिक केंद्राच्या नव्या युनिटचं काम चालू होतं तेव्हा मामांनी हेच केलं. एकेका खोलीत सहा-सहा फिटर, माणशी भाडं, उंबऱ्याबाहेर सिमेंटनं पांढऱ्या पडलेल्या बुटांची रांग. मामा खूश. काम संपलं, ठेकेदारानं माणसं दुसऱ्या साईटला हलवली. कायमचे कामगार कॉलनीत क्वार्टरला गेले. मामांकडं उरल्या कुलपं लावलेल्या खोल्या आणि बँकेचा हप्ता.

खाणीच्या गावांत याचं मोठं रूप दिसतं. ऑस्ट्रेलियातलं पोर्ट हेडलँड हे लोहखनिजाचं बंदर. 2012 च्या सुमारास तिथं साधं घर दहा लाख डॉलरच्या पुढं गेलं होतं. खाणी, रेल्वेमार्ग, धक्के बांधून झाले, खनिजाचा भाव पडला आणि घरांच्या किमती निम्म्याच्याही खाली आल्या.

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात विलिस्टन हे तेलाचं गाव. तिथं सुरुवातीला कामगारांसाठी छावण्या होत्या, कंटेनरसारख्या खोल्यांच्या. 2014 मध्ये भाडी न्यूयॉर्कच्याही वर गेली, म्हणून बिल्डर तुटून पडले. तेवढ्यात तेल 100 डॉलरवरून उतरत 2016 च्या सुरुवातीला 30 च्या खाली आलं. मग रिकामे फ्लॅट भरावेत म्हणून गावानं छावण्याच बंद करायला लावल्या! खरं तर छावणीचीच सोय बरी होती, गर्दी ओसरली की उचलून नेता येते.

तुमच्या जागी मी असतो तर 8 खोल्या पक्क्या बांधल्या असत्या: वन आरके, आत संडास-मोरी, म्हणजे बायकामुलांसह राहणारा कायमचा कामगार टिकेल. उरलेली जागा ठेकेदाराला लेबर कॅम्पसाठी भाड्यानं द्या. करार लेखी, डिपॉझिट आधी, पत्रे-शेड त्याचं, जाताना जागा मोकळी करून देणं त्याच्याकडं. एनएचं (बिनशेती परवानगीचं) काय ते तलाठ्याकडं आधी विचारून घ्या. हप्ता 5 खोल्यांच्या भाड्यात बसतो का बघा. बसत नसेल तर कर्ज कमी करा.

आणि बोअरला मे महिन्यात किती पाणी असतं ते कळवा. टँकर लागणार असेल तर या 8 खोल्यांचाही हिशेब नव्यानं मांडावा लागेल.